लिम्फोसाइट, कोंबड्या आणि आईचा रिपोर्ट

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळीच आईचा फोन. ताप उतरून चार दिवस झाले होते, डॉक्टरकाकांनी सांगितलं म्हणून रक्त तपासलं, आणि रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट 48 टक्के! बाजूला ठळक 'एच'. "अरे, हे कॅन्सरचं वगैरे नसतं ना?" पोटात गोळाच आला. मग काय, गूगलबाबाला शरण. दहा मिनिटांत ल्युकेमियापर्यंत पोचलो.

डॉक्टरकाकांनी मात्र आधी भलताच आकडा पाहिला. एकूण पांढऱ्या पेशी 4,500. "इंजिनियरसाहेब, याचे 48 टक्के किती?" 2,160. मोठ्या माणसांत एका मायक्रोलिटरला साधारण 1,000 ते 4,000 असतात. म्हणजे लिम्फोसाइट वाढल्याच नव्हत्या. न्यूट्रोफिल कमी झाल्या, म्हणून यांचा वाटा मोठा दिसत होता. व्हायरल तापात असं होतं म्हणे. "तीन आठवड्यांनी परत करून बघू."

आई निर्धास्त झाली, मी मात्र अडकलो. दिवसभर डेटाशी खेळणारा मी, आणि टक्केवारी अन् संख्येत गल्लत? आणि मुळात ही पेशी करते तरी काय? वीकेंड वाचनात गेला. गंमत अशी की हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं सुटला नव्हता.

1870च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत पाउल एर्लिखने कापड रंगवायचे अॅनिलिन रंग रक्ताच्या थेंबावर वापरले आणि पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे दिसू लागले. त्यांतली ही लहान, गोल, जवळपास सगळा केंद्रकच असलेली पेशी. मोजता आली, पण काम कळेना. पुढची सुमारे ऐंशी वर्षं डॉक्टर तिची टक्केवारी लिहीत होते, आणि ती कशासाठी आहे हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं!

मग आल्या कोंबड्या. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक पिल्लांच्या शेपटीजवळची 'बर्सा' नावाची पिशवी काढून काय होतं ते बघत होता. काहीच होईना. त्याचा मित्र टिमोथी चँग याला वर्गात अँटिबॉडी तयार होताना दाखवायच्या होत्या, म्हणून त्याने ग्लिककडच्या कोंबड्या मागून घेतल्या. डेमो सपशेल फसला, अँटिबॉडी आल्याच नाहीत. (डेमोलाच बग सापडतो, हे आपल्याला नवीन नाही.) या दोघांनी तो बग झटकून टाकला नाही. शोधलं तर त्या कोंबड्या नेमक्या बर्सा काढलेल्या! 'सायन्स'ने लेख नाकारला. शेवटी तो 1956 साली 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला, आणि तिथे इम्युनॉलॉजीवाले कशाला वाचताहेत?

त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्सने उंदरांवर दाखवलं की या पेशी रक्तातून लसिका ग्रंथींत जातात आणि पुन्हा रक्तात येतात. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी रक्तात एका वेळी असतात सुमारे 2 टक्केच. म्हणजे आपला रिपोर्ट हा चालत्या गर्दीचा एक फोटो. 1961 साली लंडनमध्ये जॅक मिलरने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस ग्रंथी काढली. लिम्फोसाइट घटल्या, आणि परक्या उंदराची त्वचासुद्धा त्यांच्या शरीराने मुकाट्याने स्वीकारली. 1965 साली मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी धागे जुळवले: थायमसवाल्या आणि बर्सावाल्या अशा दोन जाती. टी आणि बी ही नावं तिथूनच. आपल्याला बर्सा नाही, आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, पण नावात कोंबडी राहिलीच. मिलर आणि कूपर यांना 2019 साली लास्कर पुरस्कार मिळाला.

याचा अर्थ 'एच'कडे दुर्लक्ष करा असा नाही हं. प्रत्यक्ष संख्या महिनोन्‌महिने जास्त राहिली किंवा फारच घसरली, तर डॉक्टर पुढच्या तपासण्या करतातच. 1981 साली एड्सचे पहिले रुग्ण सापडले, तेव्हा त्यांच्या टी पेशी घसरलेल्या होत्या, हा मोठाच धागा होता. फक्त टक्का बघून घाबरायच्या आधी गुणाकार करा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

असो. परवा आईचा दुसरा रिपोर्ट आला. 36 टक्के, 'एच' गायब. आईने फोनवर विचारलं, "मग गेल्या वेळी काय झालं होतं रे?" मी म्हटलं, "थांब, कोंबड्यांपासून सुरुवात करतो.."