आयातशुल्क आणि वैयक्तिक गुंतवणूक

आयातशुल्क आणि वैयक्तिक गुंतवणूक हा वैयक्तिक अर्थव्यवस्थापनातील एक विषय आहे. एखाद्या देशाने आयात मालावर लावलेल्या वा बदललेल्या शुल्कामुळे सर्वसामान्य बचतदाराच्या समभाग, रोखे, सोने व म्युच्युअल फंड यांतील गुंतवणुकीचे मूल्य कसे बदलते आणि त्यानुसार गुंतवणूक संचाची फेररचना कशी व कितपत करावी, याचा विचार त्यात होतो. २०१८ पासूनचा अमेरिका-चीन व्यापारसंघर्ष आणि विशेषतः २०२५ मधील अमेरिकेची शुल्कवाढ यांमुळे हा विषय भारतातील किरकोळ गुंतवणूकदारांपर्यंत पोहोचला.

मराठीत अशा करासाठी ‘जकात’ हा शब्दही वापरला जातो. महाराष्ट्रात मात्र त्या शब्दाने शहराच्या नाक्यावर वसूल होणारा पालिकेचा कर सूचित होत असे. हा कर मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत चालू होता. प्रस्तुत लेखातील शुल्क देशाच्या सीमेवर आकारले जाणारे आहे.

शुल्काचा भार कोणावर पडतो

आयातशुल्क परदेशी विक्रेता भरत नाही. आयात करणारी देशांतर्गत कंपनी ते सरकारजमा करते. विक्रेत्याने किंमत उतरवली तर भाराचा काही भाग त्याच्याकडे जातो, अन्यथा तो आयातदाराच्या नफ्यातून किंवा ग्राहकाच्या खिशातून निघतो. मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टीन यांनी २०१८ च्या अमेरिकी शुल्कांचा अभ्यास केला. त्यांना हा भार जवळजवळ पूर्णपणे अमेरिकेतील आयातदार व ग्राहक यांच्यावर पडल्याचे आढळले. म्हणून ‘चीनवर शुल्क लागले, चिनी कंपन्या बुडणार’ असे सरळ गणित मांडणारा गुंतवणूकदार बहुधा चुकतो.

संरक्षण मिळालेल्या उद्योगाचा लाभ हा दुसऱ्या उद्योगाचा खर्च असतो. भारताने एप्रिल २०२५ मध्ये काही सपाट पोलाद उत्पादनांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावले. ते पोलाद कारखान्यांना अनुकूल होते. पण तेच पोलाद विकत घेऊन वाहने, यंत्रे वा घरगुती उपकरणे बनवणाऱ्यांना प्रतिकूल होते. व्यापक निर्देशांकावर आधारित फंडाच्या संचात हे दोन्ही पक्ष एकत्रच असतात.

एप्रिल २०२५ ची घसरण

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी जवळजवळ सर्व देशांच्या मालावर किमान १० टक्के आणि अनेक देशांवर त्याहून चढे शुल्क जाहीर केले. त्यात भारतासाठी २६, चीनसाठी ३४, बांगलादेशासाठी ३७ आणि व्हिएतनामसाठी ४६ टक्के दर होता. पुढील दोन दिवसांत अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक अनुक्रमे ४.८४ आणि ५.९७ टक्क्यांनी कोसळला. सोमवार, ७ एप्रिलला सेन्सेक्स व्यवहारादरम्यान ३,९०० अंशांहून अधिक खाली गेला आणि अखेर २,२२६.७९ अंशांच्या घसरणीसह ७३,१३७.९० वर बंद झाला.

९ एप्रिलला अमेरिकेने चीन वगळता बहुतेक देशांवरील वाढीव शुल्क ९० दिवसांसाठी स्थगित केले आणि त्या एका दिवसात एस अँड पी ५०० ने ९.५२ टक्के उसळी घेतली. भारतात १० तारखेला महावीर जयंतीची आणि १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. तरीही १५ एप्रिलला सेन्सेक्स ७६,७३४.८९ वर, म्हणजे २ एप्रिलच्या पातळीच्याही किंचित वर बंद झाला. ७ तारखेच्या बंद भावाने विक्री करून बाहेर पडलेल्यास परतण्यासाठी व्यवहाराचे केवळ चार दिवस मिळाले. तोवर निर्देशांक सुमारे ४.९ टक्के वर गेला होता. एखादी मुदत ठेव एवढे व्याज देण्यास सुमारे नऊ महिने घेते.

त्याच महिन्यात म्युच्युअल फंडांच्या नियमित गुंतवणूक योजनांतून, म्हणजे एसआयपीतून, २६,६३२ कोटी रुपये जमा झाले. बँक खात्यातून आपोआप वळती होणाऱ्या या रकमेला बातम्या वाचण्याची सवय नसते, आणि या प्रसंगी तेच तिचे बलस्थान ठरले.

विजेता उद्योग हेरण्यातील अडचण

शुल्कवाढीच्या काळात सर्वाधिक ऐकू येणारा सल्ला म्हणजे ज्यांना फायदा होणार त्या कंपन्यांचे समभाग घ्यावेत. २०२५ मधील भारतीय वस्त्रोद्योगाचे उदाहरण या सल्ल्याच्या मर्यादा दाखवते. एप्रिलमध्ये भारतावरील दर व्हिएतनाम आणि बांगलादेशापेक्षा कमी होता. त्यामुळे अमेरिकी मागणी भारताकडे वळेल या अपेक्षेने वस्त्रनिर्यातदार कंपन्यांच्या अनेक समभागांत खरेदी झाली. ७ ऑगस्टपासून भारतावर २५ टक्के शुल्क लागू झाले. २७ ऑगस्टपासून रशियन तेलखरेदीच्या कारणास्तव आणखी २५ टक्क्यांची भर पडली आणि एकूण दर ५० टक्के झाला. तोवर व्हिएतनाम आणि बांगलादेश या दोघांचाही दर २० टक्क्यांवर आला होता. चार महिन्यांत क्रम पूर्ण उलटला. स्पर्धेत स्वतःच्या शुल्कापेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेतील अंतर महत्त्वाचे असते आणि ते दोन सरकारांच्या वाटाघाटींवर ठरते. कंपनीच्या ताळेबंदातून त्याचा अंदाज येत नाही.

औषध उद्योगाचा अनुभव याहून अल्पजीवी होता. २ एप्रिलच्या घोषणेतून औषधे वगळल्यामुळे ३ तारखेला औषध कंपन्यांचे समभाग वधारले, आणि औषधांवरही लवकरच शुल्क येईल या ट्रम्प यांच्या वक्तव्यानंतर ४ तारखेला ते कोसळले. माहिती तंत्रज्ञान कंपन्या तर सेवा विकतात, त्यांच्यावर आयातशुल्क लागतच नाही. तरीही अमेरिकेत मंदी आली तर तेथील ग्राहक खर्च आवरतील या भीतीने ३ एप्रिलला निफ्टी आयटी निर्देशांक चार टक्क्यांहून अधिक घसरला.

सोने व आयातशुल्क

भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत थेट परिणाम करणारे आयातशुल्क परदेशी नसून देशी, म्हणजे सोन्यावरील आहे. भारतात वापरले जाणारे बहुतेक सोने आयात होते. त्यामुळे येथील भावात आंतरराष्ट्रीय भाव, डॉलरचा दर आणि आयातशुल्क असे तीन घटक असतात. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के करण्यात आले. इतर घटक स्थिर धरल्यास १०० रुपयांच्या सोन्याची शुल्कासह किंमत ११५ वरून १०६ रुपये होते, म्हणजे सुमारे ७.८ टक्क्यांची घट. लग्नासाठी दागिने घेणाऱ्या कुटुंबाला ही सवलत होती. आधीपासून सुवर्ण ईटीएफ किंवा सार्वभौम सुवर्ण रोखे बाळगणाऱ्याला मात्र तो तोटा होता, कारण या साधनांचे मूल्य देशांतर्गत भावावर ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये मुदत संपलेल्या २०१६-१७ च्या पहिल्या रोखे-मालिकेच्या धारकांना परतफेड या उतरलेल्या भावाच्या आधारे मिळाली. तरी आठ वर्षांतील एकूण भाववाढीमुळे त्यांचा नफा मोठाच राहिला.

व्यापारसंघर्षाच्या काळात सोने सहसा वधारते. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय भावाने मार्चमध्ये प्रति औंस ३,००० डॉलर आणि ऑक्टोबरमध्ये ४,००० डॉलर ओलांडले. मात्र ही तेजी पाहून बचतीचा मोठा हिस्सा सोन्यात वळवणारा वरील शुल्कबदलाची जोखीमही सोबत घेतो.

रोखे व परदेशी गुंतवणूक

समभाग पडतात तेव्हा सरकारी रोखे सावरतात, हा सर्वसाधारण अनुभव आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत तो खोटा ठरला. दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांचा परतावा दर एका आठवड्यात ४ टक्क्यांच्या आसपासून सुमारे ४.५ टक्क्यांपर्यंत चढला, म्हणजे रोख्यांच्या किमती उतरल्या, आणि डॉलरही घसरला. भारतात याउलट रिझर्व्ह बँकेने ९ एप्रिलला रेपो दर ६ टक्के आणि ६ जूनला ५.५ टक्के केला. दरकपातीने जुन्या रोख्यांचे भाव वाढतात, तर मुदत ठेवींचे नवे दर उतरतात. ठेवींच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्तांना ही बाजू जाणवते.

परदेशी बाजारांत पैसा विभागण्याच्या मार्गात भारतीय गुंतवणूकदाराला नियमांच्या मर्यादा आहेत. म्युच्युअल फंड उद्योगाच्या परदेशी गुंतवणुकीवर ७ अब्ज डॉलरची एकत्रित मर्यादा असल्याने अनेक योजना वेळोवेळी नवी रक्कम स्वीकारणे थांबवतात. त्यामुळे शेअर बाजारात मिळणारे परदेशी ईटीएफ कधी कधी त्यांच्या वास्तविक मूल्याहून चढ्या भावाने विकले जातात. उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते; एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरील गुंतवणुकीच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो. तो नंतर प्राप्तिकरात वजा मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

फेररचनेची पद्धत

ठरलेल्या प्रमाणाकडे परतणे ही शुल्कांबाबत कोणतेही भाकीत न करता वापरता येणारी पद्धत आहे. उदाहरणार्थ, समभाग ६० टक्के, रोखे व ठेवी ३० टक्के आणि सोने १० टक्के असे प्रमाण आधी ठरवलेले असेल आणि घसरणीने समभागांचा वाटा ५३ टक्क्यांवर आला, तर नवी बचत समभागांकडे वळवली जाते. विक्रीऐवजी नव्या बचतीतून तोल साधल्यास करही वाचतो. सूचिबद्ध समभाग वर्षभराच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के, आणि त्यानंतर वार्षिक सव्वा लाख रुपयांपुढील नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो. तोट्यात असलेला समभाग विकून तो तोटा नफ्यातून वजा करता येतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो.

संचाचा विचार करताना उपजीविकेचे साधन सहसा विसरले जाते. मुंबईत अंधेरीच्या सीप्झमधील दागिन्यांचे कारखाने किंवा सोलापूरचे टॉवेल कारखाने यांच्यासाठी अमेरिका ही महत्त्वाची बाजारपेठ आहे. तेथील कामगाराने वा पुरवठादाराने बचतही निर्यातदार कंपन्यांच्या समभागांत ठेवली, तर शुल्कवाढीच्या एकाच निर्णयाने पगार आणि पुंजी दोन्ही धोक्यात येतात. अशा कुटुंबासाठी देशांतर्गत मागणीवर चालणाऱ्या उद्योगांतील गुंतवणूक आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रोख शिल्लक हाच अधिक उपयोगी बदल ठरतो, कारण नोकरी जाण्याची वेळ आणि समभाग पडण्याची वेळ त्यांच्या बाबतीत एकच असण्याची शक्यता मोठी असते.