सॉकेटात बसला, तरी चालेना: असेंबल्ड पीसी मागची जुनी भांडणं

तुमच्यापैकी बहुतेक जण हा भाग फोनवर ऐकताय. त्या फोनमधला एकही भाग तुम्ही स्वतः निवडलेला नाही. रॅम कमी पडली? नवा फोन घ्या. विषय संपला. डेस्कटॉपचं तसं नाही. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, आणि हे सगळं घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एका स्क्रू ड्रायव्हरनं जोडायचं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात कसे, याचं मला कधी नवलच वाटलं नव्हतं. ते वाटलं, जेव्हा माझे बसले आणि तरी चालले नाहीत.

झालं असं. पहिल्या नोकरीचे काही महिन्यांचे पैसे साठवून मी लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि गर्दीबरोबर चालत राहायचं. यादी बनवली होती, सॉकेटचं नाव तीनदा तपासलं होतं. घरी येऊन सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन मात्र काळी. रॅम काढून घातली, वायरी बदलल्या, रात्रीचे दोन वाजले. आई म्हणाली, ‘तयार का नाही आणलास?’ उत्तर नव्हतं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी अख्खं कॅबिनेट घेऊन परत दुकानात. तिथल्या काकांनी खोक्यावरची तारीख बघितली आणि म्हणाले, ‘प्रोसेसर नवा आहे, बोर्डाचा बायोस जुना आहे. तो याला ओळखतच नाही.’

बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी हा जागा होतो, कोण कोण हजर आहे ते बघतो आणि मग विंडोजला उठवतो. माझे पैसे ज्या प्रोग्रॅममुळे अडकले, त्याच प्रोग्रॅमवरून चाळीसेक वर्षांपूर्वी एका अवाढव्य कंपनीच्या हातून अख्खा बाजार निसटला होता. आजची गोष्ट ती.

१९८१. आयबीएम ही तेव्हा मोठमोठ्या ऑफिसांना खोलीभर कॉम्प्युटर देणारी कंपनी. घरगुती कॉम्प्युटरच्या बाजारात आपण मागे पडलो, हे लक्षात आल्यावर तिनं फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली एक छोटी टीम बसवली. मुदत साधारण एक वर्ष. एवढ्या वेळात सगळं घरात बनवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी बाजारातून तयार भाग उचलले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून, आणि फ्लॉपी ड्राइव्ह टॅन्डन कंपनीची, जिचे संस्थापक जुगी टंडन मूळ भारतातले. १२ ऑगस्ट १९८१ ला हा पीसी जाहीर झाला. इतकंच नाही, तर आयबीएमनं एक जाडजूड टेक्निकल पुस्तकही विकायला ठेवलं. त्यात सर्किटचे नकाशे होते आणि बायोसचा पूर्ण कोडसुद्धा. बाहेरच्यांनी आपल्या पीसीसाठी कार्डं बनवावीत, हा हेतू.

मग कुणीही हुबेहूब पीसी का बनवू नये? भाग तर दुकानात मिळत होते. अडचण एकच, बायोस. कोड छापलेला होता, पण त्यावर कॉपीराइट होता. जशाचा तसा उतरवला की कोर्टात उभं राहावं लागणार.

यावरची युक्ती मला आजही भारी वाटते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स सोडलेल्या तिघांनी १९८२ मध्ये कॉम्पॅक काढली. त्यांनी काम दोन गटांत वाटलं. पहिला गट आयबीएमचा कोड वाचणार आणि फक्त इतकंच लिहून काढणार की हे बायोस काय काय करतं. दुसऱ्या गटानं तो कोड आयुष्यात पाहिलेला नसावा ही अट. त्यांनी त्या वर्णनावरून सगळं नव्यानं लिहायचं. म्हणजे काम तेच, पण एकही ओळ चोरलेली नाही. कॉम्पॅकचा पीसी १९८३ मध्ये बाजारात आला आणि त्याच वर्षी कंपनीनं ११ कोटी डॉलरच्या वर विक्री केली. त्याआधीही कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्सनं नक्कल काढली होती, पण चित्र खरं पालटलं ते १९८४ मध्ये. फिनिक्स नावाच्या कंपनीनं याच पद्धतीनं बायोस लिहिला आणि तो हवा त्याला विकायला काढला. आता पीसी बनवायला इंजिनिअरांची फौज नको होती. भाग आणा, बायोसचं लायसन्स घ्या, जोडा. आपल्याकडे ज्याला ‘असेंबल्ड’ म्हणतात, त्याचं मूळ हे.

आयबीएमला हे बोचणारच. १९८७ मध्ये तिनं पीएस/२ ही नवी मालिका काढली आणि कार्डं बसवण्याचा स्लॉटच बदलला. नवा स्लॉट वापरायचा तर पैसे मोजा. त्यावर १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डं चालतील असा स्वतःचा स्लॉट जाहीर केला. तोही फार टिकला नाही, पण आयबीएमचाही नाही टिकला. पुढे इंटेलचा पीसीआय आला. ज्या कंपनीनं पीसी जन्माला घातला, तिचंच तोंड बघून चालणं बाजारानं बंद केलं. २००५ मध्ये आयबीएमनं आपला पीसीचा धंदा लेनोव्होला देऊन टाकला.

आता तुमच्या यादीकडे या. तिचा एक हिस्सा या भांडणातून मोकळा झालेला आहे. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला कार्डांसाठी ज्या फटी असतात, त्यांच्यातलं अंतर ०.८ इंच. हे अंतर आयबीएमच्या १९८३ च्या एक्सटीपासून आलंय. आजचं ग्राफिक कार्ड ‘दोन स्लॉटचं’ म्हणतात, ते हेच माप. मदरबोर्डची स्क्रूची भोकं १९९५ च्या एटीएक्स ठरावाची. म्हणून इथे कंपनी कुठली हे बघायची गरज नाही. बोर्डाचा आकार, कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, एवढं बघा.

एटीएक्सच्या आधी काय हाल होते, ते ऐका. एसएमपीएसमधून बोर्डाला वीज जायची दोन वेगवेगळ्या प्लगांतून, आणि ते दोन्ही दिसायला सारखे. उलटे लावले तर बोर्ड जळालाच म्हणून समजा. त्यावर मेकॅनिक लोकांचा नियम: काळ्या वायरी शेजारी शेजारी, मध्यभागी. एटीएक्सनं एकच प्लग केला, जो उलटा जातच नाही. पण हे फक्त बोर्डाच्या टोकाला. हल्ली मॉड्युलर एसएमपीएस मिळतात, ज्यांच्या वायरी दोन्हीकडून सुटतात. त्यांचं एसएमपीएसकडचं टोक कुणीच ठरवून दिलेलं नाही. मित्राकडची वायर मस्त बसेल, आणि हार्ड डिस्क जाईल. जुन्या डब्यातली वायर वापरू नका, प्लीज.

यादीचा दुसरा हिस्सा मात्र अजून कुणाच्या तरी मालकीचा आहे. नव्वदच्या दशकात ‘सॉकेट ७’ नावाच्या एकाच सॉकेटात इंटेल, एएमडी आणि सायरिक्स, तिघांचे प्रोसेसर बसायचे. गिऱ्हाइकाची चैन! १९९७ मध्ये इंटेलनं पेन्टियम टू काढला तो ‘स्लॉट १’ घेऊन, आणि तो दुसऱ्यांना मिळाला नाही. १९९९ मध्ये एएमडीनं अ‍ॅथलॉनसाठी ‘स्लॉट ए’ आणला. मजा बघा, प्लास्टिकचा कनेक्टर तोच, फक्त उलटा फिरवून बसवलेला. आतली वायरिंग पूर्ण वेगळी. तेव्हापासून दोघांची घरं वेगळी झाली ती आजतागायत.

म्हणून सॉकेटचं नाव जुळलं की झालं, असं नाही. इंटेलचं एलजीए ११५१ घ्या. २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर आलं. २०१७ मध्ये आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच, आकार तोच, पण जुन्या बोर्डावर ती चालवायची सोय कंपनीनं ठेवली नाही. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ रॅमचे, काही डीडीआर५ चे. दोन्ही रॅमना पिना २८८ च, खाच मात्र थोडी सरकवलेली, म्हणून एकीच्या जागी दुसरी जात नाही. ती न जाणं हे उपकारच समजा, जोर लावू नका. एएमडीच्या एएम५ वर तर फक्त डीडीआर५.

मग बघायचं कुठे? मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट’ अशी यादी असते. तिथे प्रोसेसरच्या नावासमोर बायोसची आवृत्ती लिहिलेली असते. मी सॉकेट तीनदा तपासलं होतं; तो कॉलम एकदाही वाचला नव्हता. काही बोर्डांवर मागे एक छोटं बटण असतं, पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसर नसतानाही बायोस नवा करता येतो. हजार-पाचशे जास्त पडले तरी पहिल्या पीसीला मी तसाच बोर्ड घ्या म्हणेन.

माझ्या बोर्डाला ते बटण नव्हतं. काकांनी ड्रॉवरमधून आधीच्या पिढीचा एक प्रोसेसर काढला, बसवला, पेन ड्राइव्ह लावला, आणि आम्ही दोघं त्या टक्केवारीकडे बघत उभे राहिलो. ‘लाइट गेली तर बोर्ड गेला,’ ते म्हणाले आणि चहा सांगितला. चहा यायच्या आत शंभर टक्के झाले. माझा प्रोसेसर परत बसला, आणि स्क्रीनवर पहिली अक्षरं उमटली. तीनशे रुपये घेतले त्यांनी. चहाचे वेगळे नाही घेतले.