तोंडावरून गेलेले वारे

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळू लागते. आरशात पाहावे तो तोंड एका बाजूस ओढलेले, आणि दुसऱ्या बाजूचा डोळा काही केल्या मिटत नाही. घरातील वडीलधारी मंडळी तत्काळ निदान करतात : 'तोंडावरून वारे गेले!' या निदानाचे मूळ शोधता शोधता मी थेट सुश्रुतापर्यंत जाऊन पोचलो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पहिलाच अध्याय वातव्याधींचा. त्यात 'अर्दित' या नावाने हा विकार वर्णिलेला आहे. कारणे मोठी मौजेची : फार मोठ्याने बोलणे, कठीण पदार्थ चावणे, हसणे, जांभई देणे, ओझे वाहणे, वेडेवाकडे झोपणे. (पहिले कारण खरे असते तर आम्हां शाळामास्तरांची जमात केव्हाच वाकड्या तोंडाची झाली असती.) चरकाने एक मार्मिक नोंद केली आहे. अर्दित कधी अर्धे अंग घेऊन येते, तर कधी नुसते अर्धे मुख. दोन्ही प्रकार त्याच्या नजरेस आले होते. पण नाव मात्र एकच राहिले.

ही गाठ सुटण्यास एक चित्रकार कारणीभूत व्हावा, हे मला कादंबरीकार म्हणून फार आवडते. चार्ल्स बेल हा १७७४ साली एडिंबरोत जन्मलेला शस्त्रवैद्य, पण हातात कुंचलाही तितकाच सराईत. १८०६ साली त्याने चित्रकारांसाठी पुस्तक लिहिले ते चेहऱ्यावरील भावांच्या शरीररचनेवर. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईनंतर तो ब्रुसेल्सला धावला. तेथील जखमींची त्याने काढलेली चित्रे पाहवत नाहीत. माणसाचा चेहरा हलतो कशाने, हा प्रश्न त्याला सोडीना. अखेर एका गाढवाच्या चेहऱ्याची एका बाजूची नस त्याने कापली, तेव्हा त्या बाजूची नाकपुडी तत्क्षणी थिजली; दुसरी फुरफुरतच राहिली. १८२१ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. ही नस श्वासोच्छ्वासासाठी आहे, हा त्याचा तर्क पुढे चुकीचा ठरला. पण मेंदू शाबूत असतानाही केवळ नस दुखावल्याने चेहरा लुळा पडतो, हे सिद्ध झाले. त्या विकारास आज 'बेल्स पाल्सी' म्हणतात.

ही नस कानामागच्या हाडातील अरुंद बोगद्यातून येते. तेथे ती सुजली की दबते, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत अर्धा चेहरा निपचित होतो. मेंदूतील झटक्यात मात्र बहुधा कपाळाच्या आठ्या शाबूत राहतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. ही खूण डॉक्टरांसाठी आहे. वाचकहो, तिच्या भरवशावर घरी निकाल देऊ नका. काही झटके कपाळही सोडत नाहीत.

तोंड अचानक वाकडे झाले की प्रथम घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवावी आणि मोठे इस्पितळ गाठावे. हात लुळा पडला किंवा जीभ अडखळली तर एक क्षणही दवडू नये. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेलाने चोळीत बसण्यात नेमके तेच तास जातात.

निव्वळ बेलचा विकार निघाला तर भिण्याचे फारसे कारण नाही. २००७ साली बेलच्याच स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी शेकडा ९४ जण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांपैकी शेकडा ८२. मधल्या काळात जपायचे ते डोळ्याला. मिटू पाहिला की बुबुळ वर फिरते, पण पापणी उघडीच राहते आणि डोळा कोरडा पडतो. त्यासाठी दिवसा थेंब घालावे लागतात, आणि रात्री मलम लावून पापणी पट्टीने मिटवून झोपावे लागते.