दोन्ही बाजूंची चादर

आमच्या घरी सोलापुरी चादर कधी उलटी पडत नसे. एका बाजूला तांबड्या जमिनीवर पांढरी वेल, पालटली की पांढऱ्या जमिनीवर तांबडी. अंगावर घेणाऱ्याला दोन्ही सारख्याच उबदार. काठालगत विणलेली अक्षरं तेवढी एकाच बाजूनं सरळ वाचता येत. शाळेच्या पुस्तकाबाहेर मी वाचलेला पहिला शब्द बहुधा तोच असावा: सोलापूर.

त्या शब्दावर भरवसा ठेवून मला बरीच वर्षं वाटायचं, की ही चादर म्हणजे तिथल्या मातीतलंच पीक, मंगळवेढ्याच्या ज्वारीसारखं. पण तिची कुळी शोधू लागलं की वाट गावाबाहेर जाते, ती थेट तेलंगणात.

सोलापूरचा पूर्वभाग हा पद्मशाली विणकरांचा. हा समाज आपलं मूळ मार्कंडेय ऋषींपर्यंत नेतो. त्यांचे पुत्र भावनाऋषी यांनी कमळाच्या देठातले तंतू काढून देवांसाठी वस्त्र विणलं, अशी त्यांची कथा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा हा सगळा भाग रस्त्यावर येतो. घरात तेलुगू, बाजारात मराठी, मूळच्या लिंगायत शेजाऱ्यांशी कन्नड आणि मोमीन विणकरांशी दखनी, असा चार भाषांचा व्यवहार इथे सहज चालतो. तेलुगूत घराण्याचं नाव आधी आणि माणसाचं नंतर येतं. इथे येऊन ते मराठी रिवाजाप्रमाणे मागे गेलं आणि पुलगम, चाटला, बोल्ली, सादूल ही सोलापूरची आडनावं झाली.

करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या निजामाच्या मुलखातून ही माणसं आली. तिकडे दुष्काळ होता, वेठ होती, सावकार होता. इकडे १८६०च्या सुमारास रेल्वे आली आणि १८७७ साली मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांची सूतगिरणी उभी राहिली. पुढे नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्यांची रांगच लागली. गिरणीनं हातमाग मारला, असं आपण सरसकट म्हणतो. सोलापुरात मात्र गिरणीचं सूत आणि पद्मशालींचा माग बराच काळ शेजारी शेजारी नांदले. कारण विणकर विणत होते ती लुगडी. रंगीत काठ आणि वेगळा पदर असलेलं नऊवारी लुगडं गिरणीच्या यंत्राला स्वस्तात जमत नव्हतं. झटक्याचा धोटा इथल्या विणकरांनी लवकर आपलासा केला. त्यांच्यातलेच काही पुढे कारखानदार झाले आणि एका छपराखाली पाच-पन्नास माग मांडून बसले.

म्हणजे ज्या हातांनी चादर विणली, ते आधी आपल्या आज्या-पणज्यांची लुगडी विणत होते. नऊवारीचं गिऱ्हाईक आटत गेलं तसे माग चादरीकडे वळले, आणि काठ-पदराची ती नजर चादरीत उतरली. चादरीचे ठसठशीत काठ मला अजूनही लुगड्याचेच वाटतात.

चादरीवरच्या नक्षीचं यंत्र तेलंगणाहूनही लांबचं. फ्रान्समधल्या लियों शहरात जोसेफ मारी जकार्ड यानं १८०४च्या सुमारास ते बसवलं. चौकटीच्या कागदावर आधी मोर काढायचा, मग त्यातल्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोकं पाडायची. भोक असेल तिथला आकडा वर जातो, त्याचा धागा उचलला जातो आणि खालून धोटा निघून जातो. पत्ते एकमेकांना शिवून त्यांची माळ मागावर टांगलेली असते. पूर्वभागातल्या एका कारखान्यात मी ती पाहिली. यंत्राच्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून विणकरानं एक सुटा पत्ता माझ्या हातात दिला आणि त्यातल्या भोकांवर बोट ठेवून मागावरची मोराची मान दाखवली. दोन रंगांच्या धाग्यांपैकी एक वर आला की दुसरा खाली जातो, आणि म्हणून उलट्या बाजूला तोच मोर रंग पालटून उभा राहतो. लहानपणापासूनचं माझं कोडं त्या एका बोटानं सुटलं.

चार भाषांच्या या शहराच्या एकीचा दाखला हवा असेल तर चादर सोडून क्षणभर चार हुतात्म्यांच्या चौकात जावं. स्वातंत्र्यलढ्यात, १९३०च्या मे महिन्यात, इंग्रजांनी इथे मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. ही नावं एका दमात म्हणताना मला दर वेळी भरून येतं.

चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून खपतो, आणि इथले कारखाने चादर सोडून टॉवेलकडे वळताहेत. मागावर राबणाऱ्याला दिवसभराच्या उभ्या कामाचे काय मिळतात, हे ऐकल्यावर त्याचा मुलगा पुण्याला का गेला, हे विचारवत नाही. घरात बायका विड्या वळतात, त्यावर चूल चालते.

आईनं आमची जुनी चादर विरल्यावर टाकली नाही. तिची वाकळ शिवली. परवा एका कोपऱ्याचा टाका उसवला, तर आतल्या थरातून तांबड्यावर पांढरी अक्षरं डोकावली: ‘सोला’. पुढचं ‘पूर’ शिवणीखाली गेलं आहे.