मुळशीचा धडा आणि ऊर्जेचा कायदा

ऊर्जेचा कायदा हा आतां विद्यापीठांतून स्वतंत्र अभ्यासविषय झाला असून शाश्वत विकासाच्या तत्त्वाशीं त्याची सांगड घातली जाते, ही इष्ट गोष्ट होय. पुढील पिढ्यांच्या गरजांस बाध न आणतां आजच्या गरजा भागविणें, ही १९८७ सालच्या ब्रुंटलांड आयोगाची व्याख्या या शास्त्रांत सर्वश्रुत आहे. परंतु आमच्या मतें मराठी विद्यार्थ्यानें तिच्याही सहासष्ट वर्षें मागें जाऊन मुळशीपासून आरंभ करावा.

मुंबईच्या गिरण्यांस कोळशाऐवजीं वीज पुरविण्याची टाटांची योजना दूरदृष्टीची होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. सह्याद्रीवर पावसाचें पाणी अडवावें, तें कोंकणांत उतरवावें आणि त्याच्या जोरावर यंत्रें फिरवावीं. यांत ना धूर, ना राख. १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह सुरू झालें. पुढें नीला-मुळेच्या संगमाजवळ मुळशीस धरण बांधून तें पाणी भिऱ्याकडे नेण्याचें ठरलें. मात्र त्या खोऱ्यांत भाताचीं खाचरें होतीं, आणि त्या खाचरांवर जगणारीं गांवें होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळांतील शेतकऱ्यांनीं धरणाच्या जागीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापटांनीं त्यापायीं तुरुंगवास सोसला. १९२४ च्या अखेरीस लढा मावळला. १९२७ सालीं भिऱ्याची वीज वाहूं लागली.

शेतकरी हरले ते केवळ बळानें नव्हे. कायदाच त्यांच्या बाजूचा नव्हता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या सातव्या भागांत कंपनीसाठीं जमीन घेण्याची सोय होती. काम लोकोपयोगी असल्याची सरकारची खात्री पटली म्हणजे पुरे. मालकास बाजारभाव मिळे, आणि सक्तीबद्दल वर शेंकडा १५. जमिनीचें मोल किती, हें तो कायदा विचारी. ती देण्यास धनी राजी आहे काय, हें विचारीत नसे. संपादनास हरकत घेण्याचा हक्कसुद्धां १९२३ च्या दुरुस्तीनें आला. १९१० चा वीज कायदा परवाने, तारा आणि पुरवठा यांपुरताच होता. बुडणारें खोरें हा त्याचा विषयच नव्हता.

पुढें २०१३ च्या कायद्यानें खाजगी कंपनीसाठीं जमीन घेतांना शेंकडा ८० बाधित कुटुंबांची संमति आवश्यक केली. मुळशीचा प्रश्न कायद्याच्या भाषेंत उतरावयास नव्वदांहून अधिक वर्षें लागलीं! तथापि त्याच कायद्याच्या १०५ व्या कलमानें कोळसा, अणुशक्ति व वीज यांविषयींचे कायदे त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. मोबदला आणि पुनर्वसन यांच्या तरतुदी २०१५ पासून त्यांसही लागू झाल्या. संमतीची अट मात्र लागू झाली नाहीं. म्हणजे ज्या क्षेत्रांत हा प्रश्न प्रथम निघाला, तेथेंच तो अर्धा राहिला आहे.

आज सूर्यापासून वीज काढावयाची तरी विस्तीर्ण भूमि लागतेच. अशा वेळीं पुढच्या पिढीच्या हिताची चिंता वाहणाऱ्या विद्यार्थ्यानें आजच्या पिढींतील शेतकऱ्याचा होकारही मोजण्यास शिकावें. धूर नाहीं म्हणून अन्याय नाहीं, असें होत नाहीं.