लोह म्हणून दिलेलें कोबाल्ट

न्यूझीलंडच्या उत्तर बेटांत, रोटोरुआच्या आसपास, ज्वालामुखीच्या राखेनें बनलेली हलकी जमीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसाहतवाल्यांनीं तेथील रान तोडून कुरणें केलीं. गवत उत्तम माजलें. पण त्यावर चरणारीं गुरें व मेंढरें वाळूं लागलीं. त्यांची अन्नावरची वासना उडे, रक्त फिकें पडे, आणि पुढ्यांत चारा असतां जनावर उपाशी मरावें तसें मरे. नवल असें कीं, त्याच कुरणावर घोडा धष्टपुष्ट राही. आणि आजारी जनावर दुसऱ्या जमिनीवर नेलें कीं तेंही सुधारे.

शेतकी खात्याचे रसायनशास्त्रज्ञ बर्नार्ड ॲस्टन यांनीं रोगाचें मूळ चाऱ्यांतील लोहाच्या उणिवेंत आहे, असें ठरविलें. निदानाला आधार होता. जनावरें पंडुरोगी दिसत आणि लोहक्षारानें तीं सुधारत. पुढें लिमोनाइट नांवाची पिवळसर तपकिरी लोहमाती चाटावयास देण्याची पद्धत पडली. मात्र एका ठिकाणची माती गुण देई, दुसऱ्या ठिकाणची देत नसे. लोहाचें प्रमाण आणि गुण यांचा मेळ कांहीं केल्या बसेना.

पश्चिम ऑस्ट्रेलियांत डेन्मार्क नांवाच्या गांवाभोंवतीं असाच रोग होता. तेथें अंडरवुड व फिल्मर यांनीं रोगी जनावरांचीं यकृतें तपासलीं, तों त्यांत लोह वाजवीपेक्षां अधिकच सांठलेलें! तेव्हां त्यांनीं लिमोनाइटच्या अर्कांतून लोह काढून टाकलें व उरलेला अर्क पाजला. जनावरें बरीं झालीं. औषध होतें तें लोहांत मिसळलेलें कोबाल्ट. हा शोध १९३५ सालचा. त्याच वर्षीं दक्षिण ऑस्ट्रेलियांत मार्स्टन व लाइन्स हेही निराळ्या वाटेनें तेथेंच पोहोंचले.

मेंढीला रोज सुमारें ०.१ मिलिग्रॅम कोबाल्ट पुरतें. म्हणजे एका ग्रॅमांत दहा हजार मेंढ्यांची एका दिवसाची सोय. ॲस्टन यांना हंसणें मात्र अन्यायाचें होईल. कारण चुकलें, तरी त्यांच्या मातीनें कित्येक कळप जगविले.

हें कोबाल्ट पोटांत करतें काय, तें १९४८ सालीं उलगडलें. त्या वर्षीं ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपांत हातीं आलें आणि त्यांत कोबाल्ट सांपडलें. मेंढीच्या पहिल्या जठरांतील सूक्ष्म जंतु तें जीवनसत्त्व तयार करतात. सशाचे जंतु आंतड्याच्या मागल्या पिशवींत असतात. त्यांनीं केलेला माल वायां जाऊं नये म्हणून ससा आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. यामुळें पाळीव सशांच्या खाद्यांत मेंढीपेक्षां फारच थोडें कोबाल्ट पुरतें.