नव्या तऱ्हेची वाट: मराठी बायकांच्या पोशाखातले बदल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी घरातल्या बाईला नवा काठ, नवी चोळी किंवा नव्या घडणीचा दागिना पाहायला मिळे तो प्रामुख्याने हळदीकुंकवात. चैत्रागौर, मंगळागौर, संक्रांत, डोहाळजेवण, बारसे, लग्नकार्य या निमित्तांनी बायका एकमेकींकडे जात, आणि तिथे पहिली नजर पदराकडे जाई. कोणाच्या लुगड्याला रुईफुली काठ आहे, कोणी इरकली नेसले आहे, कोणाची चोळी गुळेदगुड्डच्या खणाची आहे, संक्रांतीला कोणाची काळी चंद्रकळा नवी आहे, हे सगळे वाणाची देवाणघेवाण होईपर्यंत पाहून झालेले असे. पुढे महिनाभर त्याची चर्चा चाले. त्या काळात फॅशनची बातमी अशी एका माजघरातून दुसऱ्या माजघरात जाई.

बातमी मिळाली तरी हवे ते घेता येई असे मात्र नव्हते. लुगडी आणायची ती घरातल्या कर्त्या पुरुषाने, दुकानातून किंवा गाठोडे घेऊन दारी येणाऱ्या विक्रेत्याकडून. बहुतेक घरांत वर्षाची लुगडी ठरलेली असत आणि विरलेल्या लुगड्याला दांड घालून ते आणखी काही महिने चालवले जाई. शिवाय नेसण्याची पद्धत जातीने, कामाने आणि प्रदेशाने बांधलेली होती. ब्राह्मण घरातला काष्टा वेगळा, शेतात राबणारीचा वेगळा, कोळणीचा त्याहून वेगळा. विधवेला तर निवडीचा प्रश्नच ठेवलेला नव्हता. ब्राह्मण घरातल्या विधवेचे केशवपन होई आणि तिने लाल अलवण नेसावे असा दंडक असे. तिचा पोशाख ही शिक्षाच होती. काठाची निवड ही साधी गोष्ट वाटते, पण ज्या समाजात ती काही बायकांकडून कायमची काढून घेतली जात होती तिथे ती साधी नव्हती.

पुरुषांचा पोशाख आधी बदलला, आणि त्याला फारसा विरोध झाला नाही. कचेरीत जाणाऱ्याने धोतरावर कोट चढवला, पायात बूट घातले, पुढे पगडीच्या जागी टोपी आली. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, त्यात पुरुषांच्या या दुहेरी न्यायावर त्यांनी नेमके बोट ठेवले आहे. साहेबाचे अनुकरण पुरुष करतात आणि धर्म सांभाळण्याचा भार मात्र बायकांवर टाकतात, हा त्यांचा रोख पोशाखालाही लागू पडत होता. बाईने पायात जोडे घालून रस्त्याने जाणेसुद्धा तेव्हा टिंगलीचा विषय होता. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला जाण्याआधी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूर इथे केलेल्या भाषणात रस्त्यावरच्या या कुचेष्टेचे अनुभव मोकळेपणाने सांगितले. परदेशात आपला पोशाख सोडणार नाही असा त्यांचा निश्चय होता. मात्र तिथल्या थंडीत नऊवारीने पाय उघडे राहत, म्हणून त्यांनी गुजराती धाटणीची साडी स्वीकारली. गरज आणि निष्ठा या दोन्हींना न्याय देणारी ही निवड एका अठरा वर्षांच्या मुलीने, घरापासून हजारो मैलांवर, स्वतः केली.

वेगळ्या धाटणीची साडी मुंबईत कोणालाही दिसत होती. पारशी बायका परकरावर गोल साडी नेसत आणि अंगात शिवलेला, बाह्यांचा झंपर घालत. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेतले पहिले भारतीय अधिकारी. १८६४ नंतर ते मुंबई इलाख्यात आले तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी पारशी बायकांचे हे नेसणे पाहिले, त्यात स्वतःच्या सोयीने फरक केले आणि ते कलकत्त्याला नेले. बंगालमध्ये ते मुंबईच्या पद्धतीचे म्हणून ओळखले गेले आणि ब्राह्मो समाजातल्या घरांतून पसरले. गिरगावातल्या मराठी बायकांना तीच तऱ्हा रोज डोळ्यांसमोर दिसत होती, तरी त्यांनी ती उचलायला आणखी अर्धे शतक लागले. काष्टा हा सोवळ्याचा भाग होता. विकच्छ, म्हणजे काष्ट्याविना, नेसलेल्या बाईला देवघरात आणि स्वयंपाकघरात थारा नव्हता. नवी गोष्ट दिसणे आणि ती अंगावर घालण्याची मुभा असणे या दोन गोष्टींमधले अंतर इथे स्पष्ट होते, आणि मराठी पोशाखाचा पुढचा सारा इतिहास हे अंतर कोणी आणि कसे कापले याचाच आहे.

पहिली वाट चित्रांनी काढली. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी पुराणप्रसंगांची चित्रे रंगवली आणि ती बडोद्यात व मुंबईत लोकांना पाहायला मिळाली. १८९४ साली घाटकोपरला त्यांचा शिळाछापखाना सुरू झाला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यातली लक्ष्मी, सरस्वती, दमयंती घराघरांतल्या भिंतींवर लागल्या. त्यांच्या अंगावरच्या काठपदराच्या साड्या, पदराची वळणे, दागिन्यांची मांडणी बायकांना रोज दिसू लागली. कापडाच्या ताग्यांवर लावायच्या चिठ्ठ्यांवरही अशीच चित्रे आली. देवीच्या अंगावरच्या साडीला कोणी छचोर म्हणू शकत नव्हते, आणि त्यामुळे त्या चित्राकडे डोळे भरून पाहण्यालाही कोणाची हरकत नव्हती. त्याच सुमाराला मुंबईच्या गिरण्यांनी आणि रासायनिक रंगांनी स्वस्त, तलम, रंगीत कापड बाजारात आणले होते. चित्रातला रंग हुबेहूब मिळाला नाही तरी त्याच्या जवळचा रंग परवडू लागला.

दुसरी वाट रंगभूमीने काढली, आणि तिचा प्रभाव सगळ्यांत खोल होता. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, १९१६ साली ‘स्वयंवर’ आले. भामिनी आणि रुक्मिणी या त्यांच्या भूमिका पाहायला बायका आवर्जून जात. नाटकगृहात त्यांना बसायला वेगळी जागा असे. तिथून त्या गाण्याइतक्याच बारकाईने पोशाख पाहत: पदर खांद्यावरून कसा घेतला आहे, अंबाड्यावर वेणी कुठे माळली आहे, नथ कोणत्या घडणीची आहे, हातात रुमाल कसा धरला आहे. बालगंधर्वांना नकली काहीच चालत नसे. भरजरी शालू आणि पैठण्या, खरे दागिने, उंची अत्तरे यांवर मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला, आणि मंडळीच्या डोक्यावरच्या कर्जाला हा सोसही कारण होता. मंडळी गावोगाव फिरे. त्यामुळे पुण्या-मुंबईत पाहिलेली तऱ्हा नागपूर, बडोदा, बेळगाव, इंदूर इथेही पोचे. घरंदाज बायका बालगंधर्वांसारखे नेसू लागल्या, तसेच केस बांधू लागल्या, आणि त्यांच्या नावाचा उपयोग जाहिरातदारही करू लागले.

एका पुरुषाने बायकांना नेसायला शिकवावे याचे नवल पुष्कळांनी नोंदवले आहे. त्यामागचे कारण सामाजिक आहे. कलावंतिणी आणि तमाशातल्या बायका सुरेख नेसत, पण कुलीन घरातल्या बाईने त्यांचे अनुकरण उघडपणे करणे अशक्य होते. बालगंधर्व कुलीन घरातले, ब्राह्मण, आणि रंगवीत त्या नायिकाही कुलीन. त्यांच्यासारखे नेसण्यात कोणालाच कमीपणा वाटला नाही. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर जयशंकर ‘सुंदरी’ यांच्या बाबतीत हेच घडले. ते स्वतः बायकांच्या हालचाली आणि नेसणे बारकाईने पाहून शिकले होते, आणि मग मुंबईच्या गुजराती बायका त्यांच्याकडून शिकल्या. माजघरातली तऱ्हा रंगमंचावर जाऊन उजळून परत माजघरात येत होती. १९१९ साली ‘एकच प्याला’ मध्ये सिंधूच्या रूपात बालगंधर्वांनी दरिद्री घरातल्या गृहिणीचा साधा वेष केला आणि शालूंच्या चाहत्या प्रेक्षकांनी त्या साध्या वेषावरही तितकेच प्रेम केले.

याच वर्षांत साधेपणाला राजकीय अर्थही आला होता. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, जुलै १९२१ मध्ये परळला महात्मा गांधींनी मोठी होळी पेटवली. परदेशी तलम कापड टाकून जाडीभरडी खादी नेसणे ही अनेक बायकांनी स्वतःच्या मनाने केलेली पहिली निवड होती. घरातल्या पुरुषांना ती नेहमीच आवडली असे नाही. खादीची साडी जड, धुवायला अवघड आणि रंगाला फिकी. तरीही तिला स्वतःचे एक रूप होते, आणि पांढऱ्या खादीला बारीक रंगीत काठ ही जोडी पुढे शिक्षिका आणि कार्यकर्त्या बायकांची ओळख बनली.

गोल पाचवारी पातळ मराठी घरांत शिरले ते साधारण १९२० ते १९५० या काळात. आधी कॉलेजात जाणाऱ्या मुली, मग शिक्षिका, परिचारिका, कचेरीत काम करणाऱ्या बायका यांनी ते घेतले. ट्रामने आणि लोकलने रोज जाणारीला ते सुटसुटीत पडे, कापड निम्म्यापेक्षा थोडेच जास्त लागे, नेसायला वेळही कमी. त्याच्या आत परकर आवश्यक होता, आणि परकर हा तोवर परकर-पोलक्यातल्या लहान मुलींचा पोशाख मानला जाई. वडीलधाऱ्या बायकांना गोल नेसणे म्हणजे मोठ्या बाईने पोरकटपणा करणे वाटे. तडजोड अशी निघाली की बाहेर जाताना पाचवारी आणि पूजेला, श्राद्धाला, सणाला नऊवारी. कित्येक घरांत ही दुहेरी व्यवस्था पन्नास वर्षे टिकली. पुढे गाठ मारायच्या चोळीच्या जागी बटणांचे पोलके आणि मग ब्लाउज आला. तो बेतायला शिंप्याची गरज लागली, म्हणून घरोघरी शिवणयंत्र आले आणि शहरांतून शिवणवर्ग निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई झाली, १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले, आणि नऊ वारांऐवजी पाच वारांत भागवण्याला एक निर्विवाद कारण मिळाले.

छापील शब्दाचा वाटा इथून वाढतो. १९३० साली शं. वा. किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. बाईचे शिक्षण, विवाह, अर्थार्जन यांवरच्या लेखांबरोबर विणकाम-भरतकामाचे नमुनेही मासिकांतून येत. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी रंगवलेल्या स्त्रिया आल्या, आणि ही मुखपृष्ठे अंक वाचून झाल्यावरही जपून ठेवली जात. मासिक घरी येऊन पडे, पुन्हा पुन्हा पाहता येई, शिंप्यापुढे उघडून ठेवता येई. रंगभूमीवर पाहिलेले ध्यानात ठेवावे लागे, छापलेले बोट ठेवून दाखवता येत होते.

त्याच काळात रंगभूमीवर स्वतः स्त्रिया उभ्या राहिल्या. १९३३ सालच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे होत्या, पुढे १९४२ साली ‘कुलवधू’मध्येही. या नाटकांतली घरे आणि माणसे आजूबाजूच्या मध्यमवर्गातली होती. बोलपटांनी हे वर्तुळ फार मोठे केले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे, १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे, आणि १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’मध्ये पोहण्याच्या पोशाखात मीनाक्षी शिरोडकर पडद्यावर दिसल्या. शेवटच्या पोशाखावर वादळ उठले आणि तो कोणी उचलला नाही. पण शांता आपट्यांसारखी ताठ मानेची, साध्या पातळातली तरुणी पुष्कळ मुलींना आपलीशी वाटली. १९४१ साली लीला चिटणीस साबणाच्या जाहिरातीत आल्या आणि नटीचा चेहरा व विकाऊ वस्तू यांची गाठ पक्की झाली. १९६० नंतर नटी साधना यांच्यासारखा कपाळावर बटा आणणारा ‘साधना कट’ दादरपासून सोलापूरपर्यंत मुलींनी करून घेतला. त्यासाठी आता कोणाची मुभा लागत नव्हती. आईची बोलणी मात्र खावी लागत.

१९७० नंतर शिवलेले तयार कपडे आणि पंजाबी ड्रेस आले, रोजच्या वापरातून नऊवारी गेली आणि ती वयस्कर बायकांपुरती आणि गावांपुरती उरली. तिचे पुनरागमन सणाचा पोशाख म्हणून झाले. १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, तिचे अनुकरण गिरगाव, ठाणे आणि इतर शहरांनी केले, आणि नऊवारी, नथ, फेटा घालून दुचाकीवर निघालेल्या तरुणींची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येऊ लागली. २००४ साली ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला. त्यात बक्षीस म्हणून पैठणी दिली जाई, आणि ज्या घरांत कधी पैठणी आली नव्हती त्या घरांतही पैठणी विणणाऱ्या येवल्याचे नाव पोचले. नऊ वार नेसायची सवय गेलेल्या पिढीसाठी शिंप्यांनी काष्टा आधीच शिवून दिलेली नऊवारी काढली. ती सलवारीसारखी पायांत चढवायची आणि पदर खांद्यावर टाकायचा. ब्राह्मणी, पेशवाई, कोळी अशा नावांनी ती दुकानांत मिळते, आणि कोणत्याही घरातली मुलगी त्यांतली आवडेल ती घेते.